टक्कर सुरू कधी झाली, संपली कधी?

वाचकांचे प्रश्न : भौतिकशास्त्र आणि प्रवेश परीक्षा

गेल्या अंकात टकरींवरचे प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून आलेल्या पत्रांत तक्रार जवळपास एकच आहे: सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर पर्यायांत सापडत नाही, किंवा सापडतं आणि चुकीचं निघतं. पत्रांसोबतची आकडेमोड पाहिली तर चूक सूत्रात क्वचितच आहे. ती सूत्राच्या आधीच्या ओळीत आहे, आणि ती ओळ बहुतेकांनी लिहिलेलीच नाही: हिशेब कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा, त्यात कोणत्या वस्तू धरल्या, आणि कुठली दिशा अधिक. पुढे सगळीकडे गुरुत्वत्वरण १० मी/से² घेतलं आहे. ‘ई’ म्हणजे कोएफिशिएंट ऑफ रेस्टिट्यूशन, अर्थात दूर जाण्याचा सापेक्ष वेग भागिले जवळ येण्याचा सापेक्ष वेग.

प्रश्न : १० ग्रॅमची गोळी ३०० मी/से वेगानं, दोरीला टांगलेल्या १.९९ किग्रॅच्या लाकडी ठोकळ्यात घुसून अडकते. ठोकळा किती वर जाईल? मी गोळीची गतिज ऊर्जा शेवटच्या स्थितिज ऊर्जेबरोबर मांडली. उत्तर २२.५ मीटर आलं. उत्तरसूचीत ११.२५ सेंटिमीटर आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, मग माझं चुकलं कुठे?
— बारावीची विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : २२.५ मीटर म्हणजे सात मजल्यांच्या आसपास. एवढ्याशा गोळीनं दोन किलोचा ठोकळा सातव्या मजल्यावर जात नाही, हे पेन खाली ठेवण्याआधी खटकायला हवं होतं.

हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पहिला भाग गोळी लाकडाला टेकल्यापासून ती आत थांबेपर्यंत. दुसरा भाग ठोकळा झोका घ्यायला लागल्यापासून सर्वांत वर पोचेपर्यंत. पहिल्या भागात संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही. दुसऱ्यात उलट: यांत्रिक ऊर्जा (गतिज अधिक स्थितिज) टिकते, संवेग टिकत नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि दोरीचा ताण तो सतत बदलत राहतात.

पहिला भाग: ०.०१ × ३०० = ३, एकूण वस्तुमान २ किग्रॅ, म्हणून अडकल्यानंतरचा वेग १.५ मी/से. दुसरा भाग: उंची = १.५² ÷ (२ × १०) = ०.११२५ मीटर, म्हणजेच ११.२५ सेमी. आता ऊर्जेचा हिशेब बघ. गोळीकडे ४५० जूल होते, टकरीनंतर जोडीकडे उरले २.२५ जूल. बाकीचे ४४७.७५ जूल लाकूड फाडण्यात, उष्णतेत आणि थोडे आवाजात गेले. ऊर्जा नाहीशी झाली नाही हे तुझं म्हणणं खरंच आहे. ती गतिज राहिली नाही, इतकंच. स्थिर वस्तूत अडकणाऱ्या गोळीसाठी उरणारा अंश नेहमी गोळीचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान एवढा असतो. इथे तो अर्धा टक्का.

पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण आणि ताण असतातच, मग संवेग टिकतो कसा? आडव्या दिशेनं बघ. दोरी उभी असताना तिचा ताण उभा, वजनही उभं; आडवं बाह्य बल नाही. हाच ठोकळा खरखरीत टेबलावर असता तर घर्षण आडवं आलं असतं. तिथे आकडे घालून खात्री करून घेता येते. गोळी १० सेमी आत शिरून थांबली तर तिचा सरासरी वेग १५० मी/से, म्हणजे लागलेला वेळ साधारण ०.०००६७ सेकंद. ३ एककं संवेग इतक्या वेळात बदलायला सुमारे ४५०० न्यूटन बल लागतं. घर्षणांक ०.५ असला तरी घर्षण १० न्यूटन. तेवढ्या वेळात ते काही बिघडवू शकत नाही, म्हणून टकरीपुरतं ते सोडून द्यायचं आणि टकरीनंतर ठोकळा घसरू लागला की परत धरायचं. गोळीचा वेग मोजण्याची ही टांगलेल्या ठोकळ्याची युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये मांडली. प्रवेश परीक्षांनी तिला अजून सोडलेलं नाही.

प्रश्न : २ किग्रॅची वस्तू उजवीकडे ६ मी/से वेगानं जाते, समोरून १ किग्रॅची वस्तू ३ मी/से वेगानं येते. ई = ०.५. माझी उत्तरं २.५ आणि ४ आली, संवेग तपासला तर तो जुळतो. तरी उत्तर चूक. असं कसं?
— जेईईची तयारी करणारा विद्यार्थी, हडपसर

उत्तर : संवेग जुळणारच, कारण संवेगाचं समीकरण तू बरोबर लिहिलं आहेस: १२ − ३ = ९. चूक दुसऱ्या समीकरणात आहे. तिथे जवळ येण्याचा वेग तू ६ − ३ = ३ धरलास. समोरासमोर येणाऱ्या वस्तूंसाठी तो ६ − (−३) = ९ असतो. एका ओळीत चिन्ह लावलं, दुसऱ्या ओळीत गाळलं. ही या प्रकरणातली सर्वांत नेहमीची गफलत. तिचा उपद्रव असा, की उत्तर दिसायला अगदी सभ्य असतं. ऊर्जा वाढत नाही, वस्तू एकमेकींतून आरपार जात नाहीत, शंका यायला जागाच राहत नाही.

टकरीनंतरचे वेग व१ आणि व२ धरले तर बरोबर समीकरणं: २व१ + व२ = ९ आणि व२ − व१ = ०.५ × ९ = ४.५. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ३व१ = ४.५, म्हणून व१ = १.५ आणि व२ = ६, दोन्ही उजवीकडे. गंमत म्हणजे दोन्ही समीकरणांत चिन्ह गाळलं, म्हणजे संवेग १५ आणि जवळ येण्याचा वेग ३ धरला, तरी व२ बरोबर ६च येतो आणि व१ मात्र ४.५ होतो. प्रश्नात फक्त दुसऱ्या वस्तूचा वेग विचारला असता तर चुकीच्या वाटेनं पूर्ण गुण मिळाले असते आणि चूक पुढच्या परीक्षेपर्यंत टिकली असती.

उपाय साधा आहे. आकडे घेण्याआधी कागदावर एक बाण काढायचा, त्यावर अधिक लिहायचं, आणि प्रत्येक वेग चिन्हासकट एका ओळीत लिहून ठेवायचा: +६, −३. नंतर मूळ प्रश्नाकडे परत बघायचं नाही, त्या ओळीकडेच बघायचं. टकरीनंतरचे वेग कुठल्या दिशेला असतील याचा अंदाज करून चिन्ह लावू नये. दोन्ही अधिक धरायचे. उत्तर उणे आलं तर वस्तू डावीकडे गेली.

वेळ कमी असेल तर याहून जवळची वाट आहे. आधी एकूण संवेग भागिले एकूण वस्तुमान काढ: ९ ÷ ३ = ३. हा वस्तुमानकेंद्राचा वेग. टक्कर कशीही होवो, तो बदलत नाही. मग प्रत्येक वस्तूसाठी

नवा वेग = (१ + ई) × केंद्राचा वेग − ई × जुना वेग.

पहिली: १.५ × ३ − ०.५ × ६ = १.५. दुसरी: ४.५ − ०.५ × (−३) = ६. झालं. केंद्राबरोबर चालत पाहिलं तर दोन्ही वस्तू समोरून येतात आणि ई पट वेगानं उलट परततात. सूत्र तेवढंच सांगतं. ई = १ टाकलं की नवा वेग केंद्राच्या दुपटीतून जुना वजा, ई = ० टाकलं की दोघी केंद्राच्या वेगानं चिकटून जातात. क्लासच्या वहीत हेड-ऑन, म्हणजे एकाच सरळ रेषेतल्या, टकरीची सात-आठ वेगवेगळी सूत्रं असतात. ती या एका ओळीची रूपं आहेत, पाठ करण्याची गरज नाही.

अवजड वस्तूसाठीही हेच चालतं. ३० मी/से वेगानं चेंडू येतो, बॅट २० मी/से वेगानं सामोरी जाते, ई = ०.५, आणि प्रश्नात बॅट चेंडूपेक्षा खूप जड मानायला सांगितलं आहे. केंद्राचा वेग म्हणजे बॅटचाच वेग, +२०. चेंडूचा जुना वेग −३०. नवा: १.५ × २० + १५ = ४५ मी/से.

ऊर्जेचा तोटा विचारला तर नवे वेग काढण्याचीही गरज नाही. वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज, इथे २/३. त्याचा निम्मा, गुणिले जवळ येण्याच्या वेगाचा वर्ग, गुणिले (१ − ई²). १/३ × ८१ × ०.७५ = २०.२५ जूल. आधीची ऊर्जा ३६ + ४.५ = ४०.५, नंतरची २.२५ + १८ = २०.२५, ताळा बसतो.

प्रश्न : माझा मुलगा राज्य मंडळाच्या अकरावीत आहे. कार्य आणि ऊर्जेच्या धड्यात टकरी शोधल्या, राज्य मंडळाच्या पुस्तकात सापडल्या नाहीत. त्या सीईटीला आहेत की नाहीत? आणि एका प्रश्नावर किती वेळ द्यावा?
— पालक, निगडी

उत्तर : आहेत. बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात टकरी गतीच्या नियमांच्या प्रकरणात येतात, एनसीईआरटीत त्या कार्य, ऊर्जा आणि शक्तीच्या प्रकरणात आहेत. तो शोधाशोधीचा घोळ बऱ्याच घरांत होतो. सीईटीसाठी अकरावीची जी निवडक प्रकरणं असतात त्यांत गतीचे नियम आहेत, आणि अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के. तेव्हा सीईटीपुरत्या टकरी म्हणजे एखाद-दुसरा प्रश्न. जेईई किंवा नीट द्यायची असेल तर एनसीईआरटीचं प्रकरणही वाचायला हवं.

वेळेचं म्हणाल तर सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. जेईई मेन आणि नीटला बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. तिथे मुलानं आधी पर्याय गाळायला शिकावं. मागची वस्तू टकरीनंतर पुढचीपेक्षा जास्त वेगानं त्याच दिशेला जाताना दिसली, तर तो पर्याय बाद. स्फोट किंवा दाबलेली स्प्रिंग नसताना एकूण गतिज ऊर्जा वाढत असेल, बाद. स्थिर वस्तूला धडकेनंतर धडकणारीच्या दुपटीहून जास्त वेग मिळत असेल, तर वस्तुमानं कितीही असोत, बाद. कितीही जड वस्तू आदळली तरी दुपटीपलीकडे जाता येत नाही. या तीन चाळण्यांनी बऱ्याचदा दोनच पर्याय उरतात.

एकक तपासणं हा कंटाळवाणा भाग, पण गुण तिथेच जातात. ७२ किमी/तास म्हणजे २० मी/से. ग्रॅम संवेगाच्या समीकरणात दोन्ही बाजूंना असतील तर चालतात. जूल काढताना चालत नाहीत.

प्रश्न : समान वस्तुमानाच्या दोन वस्तूंची तिरकी टक्कर झाली की त्या काटकोनात जातात, असं शिकवलं. कॅरमवर स्ट्रायकर आणि सोंगटी काटकोनात जाताना दिसत नाहीत. नियम चूक की कॅरम?
— बारावीचा विद्यार्थी, नारायण पेठ

उत्तर : नियमाला चार अटी आहेत आणि चारही पाळल्या पाहिजेत: वस्तुमानं समान, एक वस्तू आधी स्थिर, टक्कर इलॅस्टिक (ई = १, गतिज ऊर्जा टिकणारी), आणि हेड-ऑन नसलेली. कॅरममध्ये पहिलीच अट मोडते. स्पर्धेचा स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची, म्हणजे जवळपास तिप्पट. सरळ धडकेत इलॅस्टिक मानलं तर वरच्याच सूत्रानं केंद्राचा वेग स्ट्रायकरच्या पाऊणपट. म्हणून सोंगटी दीडपट वेगानं जाते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगानं तिच्या मागोमाग. स्ट्रायकर भोकात जाऊन फाऊल होतो तो यामुळेच. तिरकी धडक असली तरी जड वस्तू फार वळू शकत नाही: वळण्याच्या कमाल कोनाची ज्या (साइन) = हलकं वस्तुमान भागिले जड वस्तुमान = १/३, म्हणजे साधारण १९.५ अंश.

आता तिरक्या टकरीची रीत. स्पर्शाच्या क्षणी दोन केंद्रं जोडणारी रेषा काढायची. वस्तू गुळगुळीत असतील तर बल याच रेषेवर लागतं. म्हणून प्रत्येक वेगाचे दोन घटक करायचे: रेषेवरचा आणि तिला काटकोनातला. काटकोनातला दोघांचाही बदलत नाही. रेषेवरचा भाग हेड-ऑन टक्कर समजून सोडवायचा, आणि ई फक्त तिथेच लावायचा.

समान गोट्या, त्रिज्या आर, येणारीच्या केंद्राची वाट स्थिर गोटीच्या केंद्रापासून आरइतकी बाजूला. स्पर्शाच्या वेळी केंद्रांतलं अंतर २आर, म्हणून कोनाची ज्या अर्धी, कोन ३० अंश. वेग १० मी/से असेल तर रेषेवरचा घटक ८.६६, काटकोनातला ५. इलॅस्टिक टकरीत समान वस्तू रेषेवरचे वेग अदलाबदल करतात: स्थिर गोटी ३० अंशात ८.६६नं जाते, येणारीकडे फक्त ५ उरतो, दुसऱ्या बाजूला ६० अंशात. बेरीज ९०. ई एकाहून कमी असेल तर येणारीकडे रेषेवर थोडा वेग उरतो आणि कोन ९०पेक्षा लहान होतो.

जमिनीवर तिरका आदळणारा चेंडू हाही याच जातीचा. वेग १०, आडवा घटक ८, खाली ६, ई = ०.५, जमीन गुळगुळीत. आडवा ८ तसाच, वरचा ३. नंतरचा वेग √७३, साधारण ८.५. बरेच जण पूर्ण १०ला ०.५नं गुणून ५ लिहितात, आणि पेपर काढणारा तो पर्याय आवर्जून ठेवतो.

खरखरीत जमीन असेल तर आणखी एक खाच आहे. वर कोथरूडच्या उत्तरात टकरीपुरतं घर्षण सोडलं. इथे ते सोडता येत नाही, कारण आदळताना जमिनीचा दाबच प्रचंड असतो आणि घर्षण त्या दाबाच्या प्रमाणात. उभा वेग ६ खालून ३ वर झाला, म्हणजे ९चा बदल. घर्षणांक ०.२ असेल आणि चेंडू स्पर्श संपेपर्यंत घसरत असेल, तर आडव्या वेगात ०.२ × ९ = १.८ची घट, ८चे ६.२. ठोकळ्याच्या प्रश्नात दाब फक्त वजनाएवढा होता म्हणून घर्षण नगण्य. घर्षण सोडायचं की नाही हे दाब कुठून येतो यावर ठरतं.

प्रश्न : ५ मीटरवरून चेंडू सोडला, ई = ०.८. थांबेपर्यंतचं एकूण अंतर आणि वेळ काढायची सूत्रं सारखी विसरते. लक्षात ठेवायची युक्ती?
— नीटची तयारी करणारी विद्यार्थिनी, भोसरी

उत्तर : युक्ती नको, पहिल्या दोन उसळ्या लिही. आदळताना वेग १०, परतताना ८, मग ६.४. वेग दर वेळी ०.८ पट, उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे म्हणून ०.६४ पट: ५, ३.२, २.०४८. पहिलं पडणं एकेरी, पुढची प्रत्येक उसळी जाऊन-येऊन दुहेरी. अंतर = ५ + २ × (३.२ + २.०४८ + …) = ५ + २ × ३.२ ÷ ०.३६ = साधारण २२.८ मीटर. वेळ: पहिलं पडणं १ सेकंद, पहिली उसळी १.६, मग १.२८… बेरीज १ + १.६ ÷ ०.२ = ९ सेकंद. उसळ्या अगणित, वेळ मर्यादित. गुणोत्तर श्रेढीची बेरीज एवढीच भानगड.

दोन ठिकाणी फसगत होते. ई = ०.८ म्हणजे वीस टक्के ऊर्जा गेली असं नाही. वीस टक्के वेग गेला, ऊर्जा छत्तीस टक्के गेली. आणि आवेग, म्हणजे संवेगातला बदल, काढताना वेगांची वजाबाकी नव्हे, बेरीज येते, कारण दिशा उलटते: चेंडू २०० ग्रॅमचा असेल तर पहिल्या आदळण्याचा आवेग ०.२ × (१० + ८) = ३.६ न्यूटन-सेकंद.

ई घरी मोजून पाहा: उसळीची उंची भागिले सोडलेली उंची, त्याचं वर्गमूळ. टेनिस चेंडूच्या नियमात २५४ सेमीवरून काँक्रीटवर सोडला की तो सुमारे १३५ ते १४७ सेमी उसळावा असं आहे, म्हणजे ई ०.७३ ते ०.७६. टेबल टेनिसच्या टेबलावर ३० सेमीवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेमी उसळतो. तिथे ई ०.८८च्या आसपास. ई हा एकट्या चेंडूचा गुण नाही. तोच चेंडू फरशीवरून सतरंजीवर नेला की आकडा पडतो.

प्रश्न : गुळगुळीत टेबलावर २ किग्रॅचा ठोकळा ३ मी/से वेगानं येतो आणि स्थिर असलेल्या १ किग्रॅच्या ठोकळ्याला लावलेल्या स्प्रिंगवर आदळतो. स्प्रिंग ६०० न्यूटन/मीटरची. सर्वांत जास्त आकुंचन किती? मला १७.३ सेमी मिळतात.
— जेईईचा विद्यार्थी, वारजे

उत्तर : १० सेमी. तू येणाऱ्या ठोकळ्याचे सगळे ९ जूल स्प्रिंगमध्ये भरलेस, म्हणजे त्या क्षणी दोन्ही ठोकळे थांबले असं मानलंस. ते थांबू शकत नाहीत. संवेग ६ आहे, तो कुठे जाईल? स्प्रिंग सर्वांत दबलेली असते तेव्हा त्यांच्यातलं अंतर कमीही होत नसतं आणि वाढतही नसतं, म्हणजे वेग समान: ६ ÷ ३ = २ मी/से. त्यात ६ जूल अडकले, स्प्रिंगला मिळाले ३. ½ × ६०० × क्ष² = ३, क्ष = ०.१ मीटर.

आणि टक्कर इथेच संपली असं मानू नकोस. प्रश्नात ‘नंतरचे वेग’ विचारले तर स्प्रिंग पूर्ण सुटी झाल्यावरचे द्यायचे. ई = १ धरून केंद्राच्या दुपटीतून जुना वेग वजा: १ आणि ४ मी/से.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बिजागरीला लटकवलेल्या सळईला मातीचा गोळा चिकटला, की मुलं सरळ रेषेतला संवेग लावतात. दोरीला टांगलेल्या ठोकळ्याला चालतं मग इथे का नाही, या प्रश्नाला वर्गात पटेल असं उत्तर हवं आहे.
— शिक्षिका, शिवाजीनगर

उत्तर : तुम्ही आकडेच फळ्यावर मांडा, पटवावं लागणार नाही. सळई ०.६ किग्रॅ, लांबी १ मीटर, वरच्या टोकाला बिजागरी. ०.१ किग्रॅचा गोळा ९ मी/से वेगानं खालच्या टोकाला चिकटतो. बिजागरीभोवती कोनीय संवेग (संवेग गुणिले बिजागरीपासूनचं अंतर) ०.९, जडत्व परिबल ०.६ ÷ ३ + ०.१ = ०.३, म्हणून कोनीय वेग ०.९ ÷ ०.३ = ३ रेडियन/से. आता सरळ संवेग मोजायला सांगा. आधी ०.९. नंतर गोळ्याचा ०.१ × ३ = ०.३ आणि सळईचा ०.६ × १.५ = ०.९, मिळून १.२. संवेग वाढला! तो ०.३ कुठून आला, हा प्रश्न मुलंच विचारतील. बिजागरीनं दिला, पुढच्या दिशेनं. टांगलेली दोरी आडवा धक्का देऊ शकत नाही, बिजागरी देऊ शकते.

हाच गोळा बिजागरीपासून दोन तृतीयांश लांबीवर आदळला तर बिजागरीचा आवेग शून्य होतो आणि दोन्ही रीतींनी तेच उत्तर येतं. त्याच्या वर आदळला तर बिजागरी उलट दिशेनं ढकलते. हुशार वर्ग असेल तर दोन तृतीयांश हा बिंदू त्यांनाच शोधू द्या.

प्रश्न : इलॅस्टिक टकरीत ऊर्जा किती हस्तांतरित होते या सूत्राचा अणुभट्टीशी काय संबंध? नीटच्या एका सराव पेपरात जड पाण्याचा उल्लेख होता.
— वाचक, सांगवी

उत्तर : स्थिर वस्तूला हेड-ऑन इलॅस्टिक टकरीत मिळणारा अंश म्हणजे वस्तुमानांच्या गुणाकाराची चौपट भागिले बेरजेचा वर्ग. समान वस्तुमानांना तो पूर्ण १. न्यूट्रॉनचं वस्तुमान १ धरा. ड्यूटेरियम (जड पाण्यातला जड हायड्रोजन) २: ८/९, सुमारे ८९ टक्के. कार्बन १२: ४८/१६९, सुमारे २८ टक्के. शिशाचं केंद्रक २०८: दोन टक्क्यांहूनही कमी. भट्टीत न्यूट्रॉन मंद करायचे म्हणून हलकी केंद्रकं लागतात. साधा हायड्रोजन या हिशेबात सर्वांत सरस, पण तो न्यूट्रॉन गिळतोही. ड्यूटेरियम फारच कमी गिळतो, म्हणून जड पाणी. तारापूरची ३ आणि ४ क्रमांकाची युनिटं जड पाण्यावरचीच आहेत. वरचे अंश मात्र हेड-ऑनचे, म्हणजे कमाल. तिरक्या टकरी धरून इलॅस्टिक सरासरी काढली तर ती बरोबर निम्मी येते. प्रश्नात ‘कमाल’ लिहिलंय की ‘सरासरी’, हे आधी वाचा.